घरातल्या कारभाऱ्याची सनद

'परवाना' हा शब्द आमच्या बीड जिल्ह्याला नवा नाही. ह्या मुलखाचा कागदी व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या फार्सी-उर्दूतून चालला. त्यामुळे सनद, परवाना, कौल, पट्टा, मक्ता हे शब्द दप्तरातून केव्हाच खाली उतरले आणि चुलीपाशी बसलेल्या बायकांच्याही तोंडी रुळले. जमीन कोणाची, असे विचारले तर त्या काळी उत्तर एका शब्दात मिळत नसे. जहागीरदाराची सनद निराळी, इनामदाराचे इनाम निराळे, पट्टेदाराचा पट्टा निराळा. आणि ह्या सगळ्यांच्या तळाशी प्रत्यक्ष नांगर धरणारे कूळ. कूळ पेरी, कापी, खळे करी. पण ती जमीन विकणे किंवा गहाण टाकणे त्याच्या हाती नव्हते. संस्थान खालसा झाल्यावर १९४९ साली जहागिरी गेल्या, १९५० साली हैदराबादचा कूळकायदा आला, आणि वहिवाट म्हणजे काय व मालकी म्हणजे काय हा धडा आमच्या आजोबांच्या पिढीने कचेरीच्या पायऱ्या झिजवून पाठ केला.

तोच धडा दिवाळीच्या फराळाबरोबर पुन्हा काढण्याचे कारण असे की, पाडव्याच्या मुहूर्तावर आता सोन्याच्या गुंजेऐवजी घरात संगणक येतो. मुलगी बारावीला गेलेली असते, मुलाला पुण्याच्या कॉलेजात जागा मिळालेली असते. कापसाचे किंवा उसाचे पैसे हाती आले की बाप तालुक्याच्या दुकानात जातो, यंत्राचा पडदा, वजन, बॅटरी, रंग ह्यांची यथासांग चौकशी करतो, पेढे वाटतो आणि घरी येतो. यंत्र त्याचे झाले, ह्यात शंका नाही. पण त्या यंत्राच्या पोटात बसून सगळा कारभार हाकणारा जो आहे, तो त्याचा झाला का? तो त्याने विकत घेतला, भाड्याने आणला, की दुकानदाराने मागच्या दाराने आत सोडला? हे विचारणारा गिऱ्हाईक हजारात एक.

यंत्र वापरावयास स्वतंत्र परवाना लागावा, हा प्रकार आपल्या घरांत पूर्वी एकदा येऊन गेलेला आहे. रेडिओ विकत घेतला तरी तो ऐकण्याचा परवाना पोस्टातून काढावा लागे आणि दरवर्षी पैसे भरून तो नवा करून घ्यावा लागे. संच आपला, कान आपले, ऐकण्याची परवानगी मात्र सरकारची! १९८० च्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत बंद झाली. संगणकाचा परवाना त्याहून निराळा आहे. तो सरकार देत नाही, कारखानदार देतो. आणि तो पोस्टाच्या पुस्तिकेसारखा डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या दिवशी पडद्यावर इंग्रजीत लांबलचक मजकूर येतो, खाली 'मान्य आहे' असे बटण असते, आणि आपण ते दाबतो. सनदेवर अंगठा उठवून झाला.

ह्या आतल्या कारभाऱ्यास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. यंत्राला जागे करणे, कोणत्या कामास किती जागा द्यावयाची ते ठरवणे, कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यापर्यंत पोचवणे, लिहिलेले पत्र कोठे ठेवले ते लक्षात ठेवणे, ही कामे त्याची. तो निवडताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात: त्याची आवृत्ती कोणती आणि परवाना कोणत्या जातीचा. दुकानात पहिलीविषयी थोडेफार बोलणे होते, दुसरीविषयी मुळीच होत नाही. माझ्या मते दुसरी पहिलीहून मोठी आहे. ती मोठी कशी झाली, ही हकीकत एखाद्या कादंबरीस शोभेल अशी आहे.

आरंभी हा कारभारी विकला जातच नसे. संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले धूड. आयबीएम कंपनी ती धुडे भाड्याने देई, आणि बैलाबरोबर दावे यावे तसे प्रोग्रॅम त्यांच्याबरोबर येत. दाव्याचे पैसे निराळे कोणी मागत नसे. २३ जून १९६९ रोजी त्या कंपनीने जाहीर केले की, ह्यापुढे प्रोग्रॅमांची किंमत वेगळी लावली जाईल. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनी युनिक्स नावाची प्रणाली रचण्यास प्रारंभ केला. त्यांची मालक कंपनी टेलिफोनची. १९५६ सालच्या एका न्यायालयीन तडजोडीने तिला टेलिफोनखेरीज दुसरा धंदा करण्याची मुभा नव्हती. म्हणून युनिक्स विद्यापीठांना नाममात्र पैशांत, आणि लिहिल्या त्या मूळ मजकुरासकट, मिळू लागली. विद्यार्थ्यांनी ती उघडून वाचली, दुरुस्त केली, एकमेकांस दिली.

मग लहान संगणक आले. १९७५ साली अल्टेअर नावाचे यंत्र हौशी लोकांनी घरी जोडावयास घेतले, आणि त्यासाठी बिल गेट्स व पॉल अ‍ॅलन ह्या दोन तरुणांनी बेसिक ही भाषा तयार केली. ती कागदाच्या भोकाभोकांच्या फितीवर मिळे. एकाने फीत विकत घ्यावी आणि दहा जणांनी तिची नक्कल करावी, असे सुरू झाले. ३ फेब्रुवारी १९७६ ह्या तारखेचे गेट्स ह्यांचे हौशी मंडळींना उघड पत्र प्रसिद्ध आहे. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी शेकडा दहाही लोकांनी बेसिकचे पैसे दिलेले नाहीत, आणि मेहनत करून असे काम फुकट करावयास कोण धजेल, असा त्यांचा रोकडा सवाल होता. पत्राने हौशी लोक रागावले. पण सवाल खोटा नव्हता; पुस्तके लिहिणाऱ्या माणसाला तर तो विशेषच कळतो.

ह्यापुढचा प्रसंग जरा थांबून पाहण्याजोगा आहे.

१९८० साली आयबीएमला टेबलावर मावेल असा संगणक काढावयाचा होता, आणि घाई होती. त्या काळी लहान यंत्रांवर गॅरी किल्डॉल ह्यांच्या सीपी/एम ह्या प्रणालीचे राज्य होते. आयबीएमची माणसे त्यांच्याकडे गेली. बोलणी जुळली नाहीत. ती का जुळली नाहीत ह्याच्या आख्यायिका पुष्कळ आहेत आणि त्या एकमेकींशी भांडतात. मग आयबीएमने मायक्रोसॉफ्टला विचारले. मायक्रोसॉफ्टपाशी देण्याजोगी प्रणालीच नव्हती! पण सिएटलमध्ये एका लहान कंपनीत टिम पॅटर्सन ह्या तरुणाने एक प्रणाली लिहिलेली होती. मायक्रोसॉफ्टने आधी तिचा परवाना घेतला आणि जुलै १९८१ मध्ये पन्नास हजार डॉलर मोजून तिचे सगळे हक्क घेतले. पलीकडे गिऱ्हाईक म्हणून आयबीएम उभी आहे, हे विकणाऱ्यास ठाऊक नव्हते. आपल्याकडे धरणाची आखणी झाल्याची कुणकुण लागलेला माणूस शेजाऱ्याची माळजमीन घेऊन ठेवतो, त्यातला हा प्रकार.

खरी मेख त्यापुढच्या करारात आहे. मायक्रोसॉफ्टने ती प्रणाली आयबीएमला विकली नाही, वापरण्याचा परवाना दिला. आणि तीच प्रणाली इतर कारखानदारांना देण्याचा हक्क आपल्यापाशी ठेवला. पैसा यंत्रात आहे, प्रोग्रॅमात कसला, अशी जुन्या सरदारांची समजूत होती. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा संगणक बाजारात आला. गिऱ्हाइकापुढे तीन प्रणाली ठेवल्या होत्या. आयबीएमच्या नावाने विकली जाणारी डॉस चाळीस डॉलरला, सीपी/एम दोनशे चाळीस डॉलरला, आणि तिसरी पी-सिस्टीम नावाची, तीही महागच. घरगुती माणसाने कारभारी निवडण्याचा जगातला हा पहिला मोठा प्रसंग म्हणावयास हरकत नाही. त्याने गुणदोषांची चर्चा केली नाही. चाळीस आणि दोनशे चाळीस ह्यांतला फरक पाहिला आणि डॉस घेतली.

पुढे आयबीएमच्या यंत्राबरहुकूम यंत्रे काढणारे शेकडो कारखाने निघाले, आणि प्रत्येकाला डॉस हवी होती. मायक्रोसॉफ्टने कारखानदारांशी असे करार केले की, जितकी यंत्रे बाहेर पडतील तितक्यांचे पैसे द्यावेत, आत डॉस असो वा नसो. मग दुसऱ्या कोणाची प्रणाली घालून कारखानदाराने दुप्पट पैसे कशाला द्यावेत? जुलै १९९४ मध्ये अमेरिकेच्या सरकारशी झालेल्या तडजोडीने हे करार बंद झाले, पण तोवर रीत पडून गेली होती. कारभारी यंत्राबरोबर यावा, त्याची किंमत यंत्राच्या किमतीत मुरलेली असावी आणि गिऱ्हाइकाने त्याचे नाव विचारू नये, ही आजची वहिवाट त्या रीतीची लेक आहे.

आपल्या देशात संगणकाचा दरवाजा रुंद झाला तो नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने नवे संगणक-धोरण जाहीर केल्यापासून. त्याच वर्षी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन संगणकाचे प्रोग्रॅम त्याच्या कक्षेत आले. कोणत्या सदराखाली आले, हे मौजेचे आहे: साहित्यकृती! म्हणजे कायद्याच्या नजरेत माझी कादंबरी आणि विंडोज ही एकाच पंगतीला बसतात. तिचा खप माझ्या कादंबरीहून थोडा जास्त आहे, एवढेच. १९९४ च्या दुरुस्तीने कायदा अधिक कडक झाला. प्रोग्रॅमची चोरटी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. वापर धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंत दंडावर भागवू शकते. ह्याच कायद्यात गिऱ्हाइकाच्या बाजूचेही एक कलम आहे, ते फारसे कोणी सांगत नाही: ज्याच्यापाशी प्रोग्रॅमची रीतसर प्रत आहे, त्याने हरवण्या-बिघडण्याच्या भयाने तिची राखीव प्रत करून ठेवणे हा गुन्हा नव्हे.

आमच्या जिल्ह्यात सामान्य माणसाची आणि संगणकाची ओळख व्हावयास एकविसावे शतक उजाडावे लागले. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगाव गेला. सरकारी नोकरांना तो आवश्यक ठरला. आमची शिक्षक मंडळी, ज्यांनी उभ्या आयुष्यात खडूखेरीज काही हाती धरले नव्हते, ती पन्नाशीच्या घरात उंदीर पकडावयास शिकली. गेवराईत, माजलगावात, परळीत, केजला क्लास निघाले. तिथे पडद्यावर जी निळी-हिरवी विंडोज दिसली तोच संगणक, अशी सगळ्यांची समजूत झाली. दुसराही कारभारी असू शकतो, हे कोणाच्या गावी नव्हते.

ती विंडोज बहुतेक घरांत कशी आली, हेही लिहून ठेवले पाहिजे. दुकानदार यंत्राचे सुटे भाग जोडून देई, आणि खिशातून एक तबकडी काढून विंडोज 'टाकून' देई. बिलात तिचा उल्लेख नसे. १९९५ च्या आणि १९९८ च्या विंडोजला नुसता वेष्टनावरचा आकडा पुरे होई. एकच आकडा शंभर घरांत चाले. २५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी आली तेव्हा कारखानदाराने दारावर पहारा बसवला. प्रत चालू केली की तीस दिवसांत तिची नोंद करावयाची; इंटरनेट नसेल तर टेलिफोनवर पन्नासेक आकडे वाचून दाखवावयाचे. तरीही मोठ्या कंपन्यांसाठी काढलेल्या एकत्रित परवान्याला हा पहारा नव्हता, आणि असाच एक आकडा फुटून जगभर गेला. आमच्याकडच्या दुकानांतही तो पोचला होता. आमच्या तालुक्याच्या गावी एका दुकानदाराच्या भिंतीवर तो पेन्सिलीने लिहिलेला मी पाहिला आहे, शेजारी दूधवाल्याचा हिशेब.

ह्या उसनवारीची किंमत मराठीने मोजली, असे मी म्हणतो. ते कसे, पाहा. विंडोज ९५ किंवा ९८ ला देवनागरी येत नव्हती. आपण मराठी म्हणून जे टंकित करीत होतो, ती इंग्रजी अक्षरांवर चढवलेली सोंगे होती. फॉन्ट बदलला की सोंग गळून पडे आणि पडद्यावर अगम्य इंग्रजी उरे. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० ह्या आवृत्तीत पहिल्याने खरी देवनागरी आली. मंगल नावाचा फॉन्ट आला आणि मराठी ही भाषा कारभाऱ्याच्या यादीत लागली. एक्सपीतही ती होती, पण झाकलेली. प्रादेशिक भाषांच्या पानावर जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे, आणि ती केली की यंत्र मूळ तबकडी मागे. आता जिथे दुकानदाराने तबकडी परत खिशात घातली, तिथे ती आणावी कोठून? म्हणून यंत्रात मराठी असूनही असंख्य घरांत, कचेऱ्यांत आणि शाळांत सोंगांचा कारभार वर्षानुवर्षे चालू राहिला. त्या काळी टंकित केलेल्या फायली आज उघडल्या तर पुष्कळदा वाचता येत नाहीत. गावच्या यात्रेचे हिशेब, शाळांचे अहवाल, एखाद्या हौशी कवीचा अप्रकाशित संग्रह, सगळे त्यात गेले.

आता आवृत्त्यांविषयी. एक्सपीपासून घरगुती आणि व्यावसायिक, होम आणि प्रोफेशनल, अशा दोन जाती ठळक झाल्या. पुढे व्हिस्टापासून तर एकाच तबकडीवर सगळ्या आवृत्त्या असत, आणि आकडा घालाल तसे दालन उघडे. म्हणजे वाडा एकच. कोणाला ओसरीपर्यंत प्रवेश, कोणाला माजघरापर्यंत. गरिबांसाठी काढलेल्या आवृत्त्यांचा इतिहास तर विशेष आहे. २००५ साली हिंदीत एक्सपीची स्टार्टर आवृत्ती आपल्या देशात आली. ती स्वस्त यंत्रांबरोबरच मिळे आणि तिच्यात एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालत. चौथा उघडला की नकार. २००९ च्या विंडोज ७ च्या स्टार्टर आवृत्तीत ही अट नव्हती, पण पडद्यावरचे मागचे चित्र बदलण्याची सोय काढून घेतली होती. आपल्या घराच्या भिंतीवर आपल्या विठोबाचे चित्र लावू नये, हा कसला काटकसरीचा नियम? मला तरी त्यात स्वस्ताईपेक्षा पायरी दाखवण्याचीच हौस जास्त दिसते.

त्याच कुळातली 'होम सिंगल लँग्वेज' ही आवृत्ती २०१२ पासून आहे, आणि आपल्याकडे विकत मिळणाऱ्या पुष्कळशा लॅपटॉपांत तीच असते. तिच्यात कारभाऱ्याची स्वतःची बोली, म्हणजे याद्या आणि सूचना, एकाच भाषेत राहतात. ती भाषा मागाहून बदलता येत नाही. ह्याचा अर्थ मराठी लिहिता येत नाही असा मात्र नव्हे. कळफलकाच्या यादीत मराठी जोडली की झाले. हा खुलासा अशासाठी केला की, काही दुकानांत ह्याच एका भीतीवर हजारो रुपयांची महागडी आवृत्ती गळ्यात मारली जाते.

घरासाठी प्रो आवृत्ती लागते का, हा प्रश्न मला पालक नेहमी विचारतात. कचेरीच्या जाळ्यात यंत्र नोंदवणे, दुसऱ्या गावाहून आपल्या यंत्रात शिरून काम करणे, सगळ्या तबकडीस बिटलॉकर हे कुलूप आपल्या हाताने घालणे, एका यंत्राच्या पोटात दुसरे काल्पनिक यंत्र चालवणे, ह्या प्रोच्या सोयी. मुलांचा अभ्यास, पत्रे, बँकेचे काम, चित्रपट आणि पीक-विम्याचा अर्ज ह्यांस होम पुरते. पुढे गरज पडलीच तर होमवरून प्रोवर पैसे भरून चढता येते. आधीच चढून बसण्याचे कारण नाही. आणखी एक भाबडी समजूत: विंडोज घेतली म्हणजे वर्ड आणि एक्सेलही आलेच. ते निराळे प्रोग्रॅम, त्यांचा परवाना निराळा, आणि आता तो बहुधा वर्षाच्या वर्गणीवर, अगदी त्या रेडिओच्या पुस्तिकेसारखा.

परवान्याच्या जातींत मात्र घरच्या माणसाने बारकाईने पाहावे. यंत्राबरोबर कारखान्यातून आलेला परवाना त्या यंत्राला जखडलेला असतो. यंत्र मेले की तो त्याच्याबरोबर जातो. सुटा विकत घेतलेला परवाना महाग, पण जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. तिसरी जात मोठ्या संस्थांच्या एकत्रित परवान्याची. इंटरनेटच्या बाजारात काही शे रुपयांत जे 'अस्सल' आकडे मिळतात, ते पुष्कळदा ह्या तिसऱ्या जातीतून किंवा मोडीत निघालेल्या यंत्रांवरून आलेले असतात. आज चालतात, उद्या कारखानदाराने रद्द केले की पडद्यावर सूचना झळकू लागते. विकणाऱ्याकडे स्वतःचीच मालकी नसताना त्याने करून दिलेले खरेदीखत, ह्यापलीकडे त्याची किंमत नाही. आणि अस्सल परवान्यातही कारखानदार स्वच्छ लिहितो की, आम्ही हा प्रोग्रॅम विकलेला नाही, वापरण्यास दिला आहे. कुळाची जागा तेथेही सुटत नाही. फरक एवढाच की, नोंद असलेल्या कुळास कोणी रात्रीतून उठवीत नाही.

ह्या सगळ्यापेक्षा निराळी एक परंपरा आहे. ती कळण्यासाठी जरा आमच्या अंबाजोगाईस चला. मुकुंदराजांची समाधी तेथे आहे. दासोपंतांनी आपला ग्रंथ कापडाच्या पासोडीवर लिहिला, तोही तेथेच. छापखाने येण्यापूर्वी असे ग्रंथ टिकले ते नकलांनी. ज्याला पोथी हवी असेल त्याने ती उतरून घ्यावी, शेवटी शक, तिथी आणि आपले नाव घालावे, मूळ कर्त्याचे नाव राखावे आणि दुसऱ्याने मागितली तर उतरू द्यावी. कोणी आडकाठी केली तर ते पाप.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी जीएनयू नावाची मुक्त प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला आणि १९८९ साली तिच्यासाठी जीपीएल हा परवाना लिहिला. हा परवाना पोथीच्या रीतीचा आहे. वापरा, आतला मजकूर वाचा, बदला, नक्कल करा, विकासुद्धा. मात्र कर्त्यांची नावे आणि परवान्याचा कागद जपा, आणि जिला द्याल तिला हेच सगळे हक्क द्या. चकली कोणीही विकते. ही मंडळी चकलीबरोबर भाजणीचे प्रमाणही हाती ठेवतात. २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने आपण एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तिच्या पहिल्या परवान्यात पैसे घेऊन वाटण्यास मनाई होती. १९९२ साली त्याने ती काढून जीपीएल स्वीकारला, आणि तेथून लिनक्सची वेल मांडवावर गेली. आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा तीच आहे. म्हणजे विंडोजखेरीज दुसरे काही चालवणार नाही, असे म्हणणाऱ्याच्या खिशात लिनक्स असतेच.

२००४ पासून उबुंटू ही तिची घरगुती आवृत्ती निघाली. तिच्या तबकड्या २०११ पर्यंत मागेल त्याला जगभर टपालाने फुकट पोचवल्या जात. एक पैसा टपालहशील नाही. २००४ सालीच रेड हॅट कंपनीने भारतीय लिपींचे लोहित फॉन्ट मुक्त परवान्याने दिले, आणि २००७ साली आपल्या सरकारच्या सी-डॅकने बॉस नावाची लिनक्स-प्रणाली काढली, तिच्यात मराठी आहे. येथे मराठीसाठी मूळ तबकडी मागणारा पहारेकरी नाही. लिब्रेऑफिसही असेच, पत्रे-हिशेबांस पुरेसे.

मग सगळ्यांनी लिनक्सच घ्यावी का? असे मी म्हणणार नाही. दुकानदाराकडून छपाईचे काम घेणाऱ्यास त्याचे ठरावीक मराठी टंकलेखनाचे प्रोग्रॅम विंडोजवरचेच लागतात. एमएस-सीआयटीचे धडे विंडोजवरचे. काही छपाईयंत्रे लिनक्सशी बोलत नाहीत. आणि गावात बिघाड काढणारा जो एकमेव पोरगा असतो, त्याला विंडोज येते, हा मुद्दा वाटतो त्याहून वजनदार आहे. ज्याच्याकडे विजेरी दुरुस्त होत नाही ती विजेरी अमावस्येस कोण घेईल?

आणखी एका मालाविषयी सावध करावेसे वाटते. दुकानात 'डॉसचा लॅपटॉप' म्हणून दोन-चार हजारांनी स्वस्त यंत्र दाखवतात. त्यातली डॉस म्हणजे बहुधा १९९४ साली जिम हॉल ह्यांनी सुरू केलेली फ्रीडॉस. पूर्ण कायदेशीर, पण आजच्या कामास निरुपयोगी. असे यंत्र घेऊन त्यावर लिनक्स घालणारा शहाणा. मात्र 'विंडोज आम्ही टाकून देतो' असे दुकानदार म्हणाला, की ती वाचलेली रक्कम कोठून वाचली ते उमगावे. अशा टाकलेल्या प्रतींबरोबर पहारा चुकवणारे जे छोटे प्रोग्रॅम येतात, त्यांतच चोर दडून येण्याची सोय असते. आणि त्याच यंत्रावर आपण बँकेचा सांकेतिक शब्द टंकित करतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने अशा यंत्रातली लग्नाची सगळी छायाचित्रे एका रात्रीत घालवली.

हा विषय ह्या दिवाळीअंकाला घ्यावासा वाटला, त्याला निमित्त जुन्या यंत्रांचे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, विंडोज १० ची सर्वसाधारण डागडुजी थांबली. नाव नोंदवणाऱ्यांस काही काळाची मुदतवाढ दिली आहे, ती तात्पुरती. एक्सपीचे हेच ८ एप्रिल २०१४ रोजी झाले, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी. परवाना रद्द होत नाही, यंत्र बंद पडत नाही. पण भिंतीला पडलेले भोक बुजवावयास गवंडी येत नाही. आणि ५ ऑक्टोबर २०२१ पासूनची विंडोज ११ घ्यावी, तर ती यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर मागते. चांगली चालणारी पुष्कळ यंत्रे ह्या अटीत बसत नाहीत. ज्यांत बसतात, त्यांना अस्सल विंडोज १० वरून ११ फुकट मिळते. वेगळा आकडा घेऊ नये. आपल्या यंत्रावरचा परवाना पक्का आहे की नाही हे सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्टिव्हेशन' उघडले की कळते.

जी यंत्रे बसत नाहीत ती भंगारवाल्यास किलोच्या भावाने देऊ नयेत. चार जीबी स्मृती असलेल्या जुन्या यंत्रावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती सुखाने चालते. पेन ड्राइव्हवर ती उतरवून, यंत्रात काही न बदलता, आधी दोन दिवस चालवून पाहता येते. छपाईयंत्र बोलते का, मराठी कळफलक येतो का, वाय-फाय लागते का, एवढे तपासावे. जमले तर कायम करावे. लहान भावंडाच्या अभ्यासास ते यंत्र आणखी चार-पाच वर्षे जाईल. फक्त नवी प्रणाली घालण्याआधी मुलांची छायाचित्रे, शाळेचे दाखले आणि आजीच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण दुसऱ्या तबकडीवर उतरवून घ्यावे, आणि ती तबकडी दुसऱ्या यंत्रावर लावून, सगळे उघडते ना, ते एकदा पाहून घ्यावे.